नेत्रऊतींचे प्रकाशाधारित दृढीकरण

नेत्रऊतींचे प्रकाशाधारित दृढीकरण म्हणजे प्रकाशसंवेदी द्रव्य आणि ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश यांच्या साहाय्याने डोळ्याच्या बाह्य आवरणातील कोलॅजन तंतूंमध्ये नवे रासायनिक बंध निर्माण करून ते आवरण अधिक कणखर करण्याची पद्धत होय. वैद्यकीय व्यवहारात तिला कोलॅजन क्रॉस-लिंकिंग असे म्हणतात. डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागावर, म्हणजे पारपटलावर, केराटोकोनस या विकारात ही पद्धत जगभर रूढ झाली आहे. याच तत्त्वाने डोळ्याचे मागील पांढरे आवरण, म्हणजे श्वेतपटल, बळकट करून तीव्र निकटदृष्टितेची वाढ रोखता येईल, ही कल्पना मात्र अद्याप मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांच्या टप्प्यात आहे. दोन्ही विकारांत चष्म्याचा ‘नंबर’ वाढत जातो आणि दोन्हींत दुर्बल झालेली ऊती ताणली जात असते. त्यामुळे एका ठिकाणी मिळालेले यश दुसऱ्या ठिकाणीही मिळाल्याचा समज सहज पसरतो. बीडसारख्या ग्रामीण आणि हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यात या दोन विकारांतला फरक वेळीच ओळखला जातो की नाही, यावर एखाद्या मुलाची पुढील दृष्टी अवलंबून राहू शकते.

तीव्र निकटदृष्टितेतील बिघाड

नवजात अर्भकाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे १६ ते १७ मि.मी. असते आणि प्रौढपणी ती साधारण २३ ते २४ मि.मी. होते. ही वाढ प्रमाणाबाहेर झाली की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या पुढे पडते. लांबीत १ मि.मी. वाढ झाल्यास नंबर अंदाजे अडीच ते तीन डायॉप्टरने बदलतो. उणे ६ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक दोषाला सामान्यतः तीव्र निकटदृष्टिता म्हणतात. अशा डोळ्याची लांबी बहुधा २६ मि.मी. किंवा अधिक असते.

जाड भिंगाचा चष्मा ही या विकारातील सर्वांत लहान अडचण आहे. श्वेतपटल मुख्यतः कोलॅजन तंतूंनी बनलेले असते. डोळ्याच्या मागील ध्रुवाजवळ त्याची जाडी सुमारे १ मि.मी. असते. तीव्र निकटदृष्टितेत कोलॅजन तोडणारी विकरे अधिक सक्रिय होतात, तंतू बारीक होतात आणि हे आवरण पातळ होत जाते. डोळ्यातील दाब सामान्य असला तरी पातळ आवरण त्यापुढे हळूहळू नमते. कधी मागील भिंतीला फुगवटा येतो. आतील रंजितपटल आणि दृष्टिपटल आवरणाबरोबर ताणले जातात. त्यातून दृष्टिपटलाला छिद्र पडणे, ते सुटणे, पीतबिंदूखाली विकृत रक्तवाहिन्या वाढणे किंवा पीतबिंदू झिजणे असे विकार उद्भवतात. चष्म्याने, कॉन्टॅक्ट लेन्सने किंवा लॅसिक शस्त्रक्रियेने नंबर ‘गेला’ तरी मागील आवरणाची ही स्थिती बदलत नाही. लॅसिक झालेल्या रुग्णाने दृष्टिपटलाची नियमित तपासणी चालू ठेवावी लागते ती यामुळेच.

बंधनिर्मितीचे तत्त्व

कोलॅजन तंतूंमधील आडवे बंध वाढले की ऊती ताठ होते. वयोमानानुसार हे आपोआप घडते. मधुमेहात रक्तातील शर्करेमुळेही असे बंध वाढतात. मधुमेही व्यक्तींत केराटोकोनस तुलनेने कमी आढळतो, ही नोंद या विचाराला पूरक ठरली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे बंध कृत्रिमरीत्या घडवण्याचे प्रयोग केले. त्यांनी निवडलेले द्रव्य होते रायबोफ्लेविन, म्हणजे दूध व पालेभाज्यांतून मिळणारे जीवनसत्त्व ब२. रायबोफ्लेविन अतिनील-अ किरण शोषून उत्तेजित होते. ऊतीतील ऑक्सिजनशी त्याची क्रिया होऊन अतिशय क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि त्यातून शेजारच्या कोलॅजन रेणूंमध्ये बंध निर्माण होतात. प्रयोगशाळेत अशा प्रक्रियेनंतर मानवी पारपटलाचा ताठरपणा सुमारे साडेचार पट वाढल्याचे आढळले.

द्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन या तिन्हींचे प्रमाण जुळले तरच हा परिणाम घडतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन उन्हात बसणे हा त्याचा प्रस्थापित पर्याय नाही, आणि सूर्याकडे पाहिल्याने तर दृष्टिपटल कायमचे भाजू शकते.

पारपटलावरील उपचार

केराटोकोनसमध्ये पारपटल मध्यभागी किंवा किंचित खाली पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. नंबर, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर, वारंवार बदलतो आणि चष्म्याने दृष्टी पूर्णपणे स्पष्ट होत नाही. हा विकार बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो व मुलांमध्ये वेगाने वाढतो. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळणे हे त्याच्याशी निगडित असलेले महत्त्वाचे कारण मानले जाते.

ड्रेस्डेनच्या गटाने २००३ मध्ये २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मूळ पद्धतीला ड्रेस्डेन पद्धत असेच नाव पडले आहे. डोळा थेंबांनी बधिर करून पारपटलावरील पेशींचा नाजूक थर मध्यभागी खरवडून काढला जातो, सुमारे ३० मिनिटे रायबोफ्लेविनचे ०.१ टक्के द्रावण थेंबथेंब घातले जाते आणि त्यानंतर सुमारे ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील-अ प्रकाश दर चौ. सेंमी.ला ३ मिलिवॅट या तीव्रतेने आणखी ३० मिनिटे दिला जातो. पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रोमीटर असावी, असा दंडक आहे. द्रावणाने भिजलेला एवढा थर बहुतेक किरण स्वतःच शोषून घेतो व आतील पेशींचा थर, भिंग आणि दृष्टिपटल सुरक्षित राहतात. अधिक तीव्र प्रकाश कमी वेळ देण्याच्या पद्धतीही पुढे आल्या. त्यांत रुग्णाचा वेळ वाचतो, पण ऊतीतील ऑक्सिजन लवकर संपत असल्याने परिणामाची खोली कमी भरू शकते.

हा उपचार विकार थांबवतो. झालेली हानी तो सहसा पूर्ववत करत नाही. पारपटलाचा उंचवटा बऱ्याचदा एक-दोन डायॉप्टरने उतरतो, तरीही चष्मा किंवा विशेष कॉन्टॅक्ट लेन्स लागतेच. उपचार झाला म्हणजे चष्मा सुटेल अशी अपेक्षा बाळगलेल्या कुटुंबाची निराशा होते आणि पुढच्या तपासण्या टळतात. म्हणून ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगणे उपचाराइतकेच आवश्यक असते. मुलांमधील परिणामाचा चांगला पुरावा ब्रिटनमधील केरालिंक या चाचणीतून मिळाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १० ते १६ वर्षे वयाच्या रुग्णांपैकी उपचार मिळालेल्या गटात ७ टक्के, तर केवळ चष्मा-लेन्स दिलेल्या गटात ४३ टक्के जणांचा विकार अठरा महिन्यांत बळावला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१६ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

भारतीय, आणि विशेषतः महाराष्ट्रातील, लोकसंख्येसाठी हा विषय दूरचा नाही. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेने विनय नांगिया यांच्या पुढाकाराने जर्मन संशोधकांसह नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हे सर्वेक्षण केले. त्यात ३० वर्षांवरील ४,७११ ग्रामस्थ तपासण्यात आले. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रोमीटर, म्हणजे युरोपीय लोकांत आढळणाऱ्या जाडीपेक्षा कमी निघाली, आणि केवळ पारपटलाच्या वक्रतेच्या निकषावर २.३ टक्के लोकांत केराटोकोनस असल्याचे नोंदवले गेले. पाश्चात्त्य देशांतील जुन्या आकड्यांच्या तुलनेत हे प्रमाण फार मोठे आहे. एकाच निकषावर विसंबल्याने ते काहीसे फुगलेले असू शकते, तरी या विकाराला दुर्मीळ समजण्याची जुनी सवय त्यामुळे मोडली.

श्वेतपटलाची अडचण

पारपटलावरील यशानंतर श्वेतपटलाचा विचार होणे स्वाभाविक होते. वोलेनझाक व श्पोर्ल यांनी २००४ मध्ये मानवी आणि डुकराच्या श्वेतपटलाच्या तुकड्यांवर रासायनिक द्रव्यांनी तसेच रायबोफ्लेविन व अतिनील किरणांनी बंध वाढवून दाखवले. पुढच्याच वर्षी सशांवरील प्रयोगात मात्र धोकाही उघड झाला. श्वेतपटल ताठ झाले, पण किरणांमुळे त्यामागच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी नष्ट झाल्या. नंतर अतिनील किरणांऐवजी निळा प्रकाश, कमी मात्रा, तसेच प्रकाशाविना केवळ ग्लिसराल्डिहाइडसारखे द्रव्य वापरून पाहण्यात आले. इस्राएलमधील संशोधकांनी जिवाणूंतील हरितद्रव्यापासून बनवलेले द्रव्य आणि अवरक्ताजवळचा प्रकाश यांचा मार्ग अवलंबला. हा प्रकाश अतिनील किरणांपेक्षा पेशींना कमी घातक असतो. चीनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगात कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या निकटदृष्टितेत डोळ्याची लांबी वाढणे या उपचाराने रोखल्याचे दाखवले.

गिनीपिगाच्या इवल्या डोळ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंतचे अंतर मोठे आहे. पारपटल समोर असते, पारदर्शक असते, त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि रायबोफ्लेविनचा भिजलेला थर स्वतःच ढालीचे काम करतो. श्वेतपटल यातील बहुतेक बाबतींत उलट आहे. ज्या मागील ध्रुवावर बळकटी हवी तो भाग डोळ्याच्या खोबणीत खोल असतो. तेथे पोहोचण्यासाठी डोळ्याचे वरचे आवरण उघडून, स्नायू बाजूला सारून प्रकाशवाहक तंतू आत न्यावा लागतो. अपारदर्शक ऊतीत प्रकाश विखुरतो आणि द्रव्य सावकाश मुरते. त्याच जागी दृष्टिचेता व डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आत शिरतात, आणि आतल्या बाजूला एक मिलिमीटरहूनही कमी अंतरावर पीतबिंदू असतो. वाढत्या वयाच्या मुलाच्या डोळ्याला किती ताठर करावे, याचेही गणित सोपे नाही, कारण एकदा घडलेले बंध परत सोडवता येत नाहीत. या कारणांमुळे श्वेतपटलाचे प्रकाशाधारित दृढीकरण नित्य उपचार म्हणून उपलब्ध नाही. वाढता फुगवटा असलेल्या निवडक डोळ्यांत मागील भिंतीला बाहेरून पट्टी लावून आधार देण्याची शस्त्रक्रिया काही देशांत केली जाते. ती यांत्रिक आहे, तिचा प्रकाशाशी संबंध नाही.

लाल प्रकाशाचा उपचार

चीनमध्ये गेल्या दशकात मुलांच्या निकटदृष्टितेसाठी कमी तीव्रतेच्या लाल प्रकाशाचा वापर झपाट्याने वाढला. मूल एका यंत्रात सुमारे ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाकडे प्रत्येक वेळी ३ मिनिटे, दिवसातून दोनदा, आठवड्यातून ५ दिवस पाहते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८ ते १३ वर्षांच्या २६४ मुलांवरील चाचणीत वर्षभरात डोळ्याची लांबी उपचार गटात ०.१३ मि.मी., तर केवळ चष्मा वापरणाऱ्या गटात ०.३८ मि.मी. वाढली. यात क्रॉस-लिंकिंग होत नाही. रंजितपटलातील रक्तप्रवाह वाढून श्वेतपटलाची प्राणवायूची उणीव भरून निघत असावी, असा तर्क मांडला जातो.

आकडे उत्साहवर्धक असले तरी उपचार थांबवल्यावर वाढीचा वेग पुन्हा उसळी घेतो. शिवाय २०२३ मध्ये या यंत्राच्या वापरानंतर १२ वर्षांच्या एका मुलीच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. काही यंत्रांचा प्रकाश तीन मिनिटांतच सुरक्षिततेच्या मान्य मर्यादेला पोहोचत असल्याचे नंतरच्या मोजमापांत दिसले. चीनच्या नियामक संस्थेने २०२४ पासून या यंत्रांना सर्वाधिक जोखमीच्या वैद्यकीय उपकरणांच्या वर्गात घातले. बाजारात खेळणे म्हणून मिळणारा लाल लेझर हा या यंत्राचा स्वस्त पर्याय मुळीच नव्हे.

दिवसाच्या उजेडाचा परिणाम याहून जुना व अधिक निर्धोक आहे. घरातील उजेड काहीशे लक्स असतो. बाहेर सावलीतही तो अनेक हजार लक्स भरतो. ग्वांगझोऊ येथील शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास दिल्यावर तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टिता होणाऱ्या मुलांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले. चष्मा लागलेल्या मुलांत नंबर वाढण्याचा वेग याने फारसा घटत नाही. त्यासाठी कमी मात्रेचे ॲट्रोपीन थेंब किंवा विशेष रचनेची भिंगे नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने वापरली जातात.

दृष्टिपटलावरील छिद्राभोवती दिला जाणारा लेझर हाही प्रकाशाचाच उपचार आहे. तो छिद्राची कड चिकटवून दृष्टिपटल सुटण्याचा धोका कमी करतो. नंबरवर किंवा श्वेतपटलाच्या बळकटीवर त्याचा परिणाम होत नाही.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ असून तिचा सुमारे चार पंचमांश भाग ग्रामीण आहे. जिल्ह्यातील सर्वांत मोठी वैद्यकीय संस्था म्हणजे अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होय. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नावारूपाला आलेले नेत्रशल्यचिकित्सक तात्याराव लहाने यांनी सुरुवातीच्या काळात येथे काम केले. मराठवाड्यातील नेत्रसेवेची घडण प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शिबिरांभोवती झाली. मोतीबिंदूचा रुग्ण एका शस्त्रक्रियेने पाहू लागतो आणि शिबिर संपले तरी त्याचे फारसे अडत नाही. केराटोकोनस आणि तीव्र निकटदृष्टिता यांचे तसे नाही. दोन्हींत निदान एका भेटीत संपत नाही. नंबर, पारपटलाचा नकाशा किंवा डोळ्याची लांबी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा मोजल्यावरच विकार वाढतो आहे की नाही हे कळते.

जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे स्थलांतर येथे आडवे येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. सोबत गेलेले मूल या काळात फडाजवळच्या कोपीत राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांची तपासणी वर्षातून एकदा होते आणि दृष्टिदोष हा तिच्या यादीतील एक विषय आहे. तपासणी पथक हंगामात आले तर हे मूल पटावर असूनही वर्गात नसते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे ही त्यामुळे दृष्टितपासणीच्या दृष्टीनेही उपयोगी जागा ठरतात. दुसऱ्या टोकाला अंबाजोगाई, परळी, केज भागातून शेजारच्या लातूरला शिकवणी वर्गांसाठी जाणारी मुले आहेत. दिवसाचा मोठा भाग बंद खोलीत पुस्तकावर घालवणे हे निकटदृष्टितेला पोषक मानले जाते.

कोरड्या, धुळकट हवेत मुलांच्या डोळ्यांना होणारी ॲलर्जी आणि त्यापायी डोळे चोळण्याची सवय यांकडे ‘उन्हाळ्यात होतेच’ म्हणून दुर्लक्ष होते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब खाज थांबवतात, पण दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू ओढवू शकतात. केराटोकोनसची पहिली शंका घेण्यास महागडे यंत्र लागत नाही. नंबर तपासण्याच्या साध्या रेटिनोस्कोपमधून अशा डोळ्यातील प्रकाशाची छटा कात्रीच्या पात्यांसारखी उघडझाप करताना दिसते. सहा महिन्यांत सिलिंड्रिकल नंबर लक्षणीय बदललेला, नव्या चष्म्यानेही शेवटच्या ओळी न वाचू शकणारा आणि डोळे चोळणारा मुलगा किंवा मुलगी आढळल्यास पारपटलाचा नकाशा काढण्यासाठी मोठ्या केंद्राकडे पाठवणे योग्य ठरते. उलट, जाड भिंगाच्या चष्म्याने स्पष्ट दिसत असेल व नंबर मुख्यतः गोलीय असेल, तर बहुधा डोळ्याची लांबी वाढलेली असते. त्या मुलाला बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी हवी असते, क्रॉस-लिंकिंग नव्हे.

क्रॉस-लिंकिंगची वेळही निवडावी लागते. खरवडलेला थर भरून येईपर्यंत काही दिवस डोळ्यावर संरक्षक लेन्स असते. या काळात दुखते, पाणी येते, प्रकाश सोसत नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतो. धूळ, धूर व अस्वच्छ पाणी टाळावे लागते. उसाच्या फडात हे जवळजवळ अशक्य असते. पाचटाच्या धारदार पात्याने पारपटलाला झालेली जखम एरवीही बुरशीच्या संसर्गाला निमंत्रण देते, आणि असा व्रण भरल्यावर राहिलेला पांढरा डाग केराटोकोनसपेक्षाही अधिक दृष्टी हिरावू शकतो. पहिल्या महिन्यात दृष्टी तात्पुरती धूसर होते. ती नंतर सुधारते, हे ठाऊक नसलेल्या कुटुंबाला उपचार फसल्यासारखे वाटते. त्यानंतर साधारण पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात तपासणी करावी लागते. हंगामाहून परतल्यानंतरच्या उन्हाळ्यात उपचार केल्यास यांतील पहिल्या भेटी गावी असतानाच होऊ शकतात. मात्र ज्या मुलाचा विकार वेगाने वाढतो आहे त्याच्यासाठी सहा महिने थांबणेही महाग पडते. अशा वेळी उपचार करून मुलाला हंगामभर आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवणे हा मार्ग उरतो.